शस्त्रक्रियेनंतरची शुश्रूषा: विश्रांती किती, हालचाल किती आणि लक्ष कशावर

शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली असे सर्जनने बाहेर येऊन सांगितले की ताटकळत बसलेल्या नातेवाइकांच्या जिवात जीव येतो, आणि ते साहजिकच आहे. मात्र त्या क्षणी रुग्णाच्या शरीराचे काम नुकते कुठे सुरू झालेले असते. ऑपरेशन टेबलावर मृत्यू येण्याचे प्रमाण आज अतिशय कमी आहे. धोका असतो तो त्यानंतरच्या दिवसांत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगभरात दरवर्षी सुमारे ४२ लाख माणसे शस्त्रक्रियेनंतरच्या ३० दिवसांत दगावतात. यातले काही मृत्यू मूळ आजाराच्या गांभीर्यामुळे होतात, परंतु रक्तस्राव, न्यूमोनिया, जंतुसंसर्ग आणि पायातून फुफ्फुसात गेलेली रक्ताची गुठळी यांपैकी अनेक गोष्टी वेळीच ओळखता येतात आणि काही टाळताही येतात. म्हणूनच ‘आता फक्त आराम करायचा’ हे वाक्य मला अपुरे वाटते. शुश्रूषा म्हणजे रुग्ण रोज थोडा पुढे सरकतो आहे की नाही यावर बारीक लक्ष ठेवणे, आणि तो मागे वळला तर त्याचे कारण ताबडतोब शोधणे. या लेखात जे काही सांगायचे आहे ते याच एका सूत्राला धरून आहे.

शरीराच्या लेखी शस्त्रक्रिया ही इजाच

सर्जनचा चाकू उपकारासाठी चालतो हे आपल्याला ठाऊक असते. शरीराला ते कळण्याचा मार्ग नसतो. त्वचा, स्नायू आणि आतले पडदे कापले गेले एवढेच त्याला समजते, आणि मोठ्या अपघातानंतर ते जसे वागते तसेच इथेही वागते. १९३० च्या दशकात ग्लासगो येथे डेव्हिड कथबर्टसन यांनी हाड मोडलेल्या रुग्णांच्या लघवीची मोजमापे केली, तेव्हा त्यांना आढळले की अशा रुग्णांच्या शरीरातून नायट्रोजन, म्हणजे प्रथिने मोडल्यावर लघवीवाटे बाहेर पडणारा घटक, मोठ्या प्रमाणात बाहेर टाकला जात होता, आणि तो केवळ दुखावलेल्या भागातून आला असावा असे म्हणण्याइतका थोडा नव्हता. याचा अर्थ असा की एका ठिकाणच्या जखमेसाठी सगळे शरीर आपले स्नायू मोडून प्रथिने उपलब्ध करून देत होते.

या प्रतिसादात कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रिनलिन ही संप्रेरके वाढतात, इन्शुलिनचा परिणाम कमी होतो आणि मूत्रपिंडे मीठ आणि पाणी धरून ठेवू लागतात. त्यामुळे मधुमेह नसलेल्या माणसाचीही रक्तातील साखर पहिले एक-दोन दिवस वाढलेली दिसू शकते, लघवी थोडी कमी होते आणि चेहऱ्यावर किंवा पायांवर किंचित सूज येते. नातेवाईक यातल्या प्रत्येक गोष्टीने धास्तावतात. दोन-तीन दिवसांत लघवीचे प्रमाण आपोआप वाढते आणि सूज ओसरू लागते, तेव्हा शरीराने पुढचे वळण घेतले असे समजावे. मधुमेही रुग्णाच्या बाबतीत मात्र साखरेकडे काणाडोळा करून चालत नाही, कारण साखर खूप वाढलेली असेल तर जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात आणि जखम चिघळण्याची शक्यता वाढते. रुग्णालयात ती साधारण १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली ठेवण्याचा प्रयत्न असतो तो यासाठीच.

भूल उतरतानाचे तास

शस्त्रक्रिया संपल्यावर रुग्णाला थेट वॉर्डात न नेता आधी रिकव्हरी रूममध्ये ठेवतात. संपूर्ण भूल दिलेल्या माणसाचे स्नायू सैल पडलेले असतात, त्यात जिभेचे आणि घशाचे स्नायूही आले. उताणे पडलेल्या, अर्धवट शुद्धीतल्या रुग्णाची जीभ मागे पडून श्वासाचा मार्ग अडवू शकते, आणि उलटी झाली तर ती श्वासनलिकेत उतरू शकते. जबडा पुढे उचलून धरणे किंवा रुग्णाला कुशीवर वळवणे एवढ्या साध्या कृतीने श्वास मोकळा होतो, पण ती कृती करणारे प्रशिक्षित माणूस त्या वेळी शेजारी असावे लागते.

रुग्ण वॉर्डात जाण्याजोगा झाला हे ठरवण्यासाठी अनेक ठिकाणी भूलतज्ज्ञ जे. अँटोनियो आल्ड्रेटी यांनी १९७० मध्ये मांडलेली गुणपद्धत किंवा तिचे सुधारित रूप वापरतात. हातपाय हलवणे, श्वास, रक्ताभिसरण, शुद्धीची पातळी आणि रक्तातील ऑक्सिजन या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण दिले जातात, आणि दहापैकी नऊ किंवा अधिक गुण मिळाल्यावर पुढे जाण्यास हरकत नाही असे मानतात. पूर्वी ऑक्सिजनऐवजी त्वचेचा रंग पाहत असत. बोटाला चिमट्यासारखे लावायचे यंत्र आल्यानंतर डोळ्यांच्या अंदाजाची जागा आकड्याने घेतली.

या तासांत रुग्ण थंडीने कुडकुडतो. भुलीमुळे त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, शरीराच्या गाभ्यातली उष्णता हातापायांकडे पसरते आणि गाभ्याचे तापमान ३६ अंश सेल्सिअसच्या खाली घसरू शकते. नुसत्या गैरसोयीवर हे थांबत नाही. थंड पडलेल्या शरीरात रक्त नीट गोठत नाही आणि जखमेला जंतुसंसर्ग होण्याचा धोकाही वाढतो, म्हणून गरम हवेचे पांघरूण घालणे हा उपचाराचाच भाग आहे. मळमळ आणि उलटी यांचाही अंदाज आधीच बांधता येतो. स्त्री असणे, धूम्रपान न करणे, प्रवासात मळमळण्याची सवय किंवा आधीच्या शस्त्रक्रियेनंतर झालेल्या उलट्या, आणि नंतर अफूवर्गीय वेदनाशामकांची गरज पडणे, अशी चार जोखमीची कारणे १९९९ मध्ये क्रिश्चन आप्फेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निश्चित केली. चारही असतील तर प्रतिबंधक औषध न दिल्यास सुमारे ८० टक्के रुग्णांना त्रास होतो, एकही नसेल तर सुमारे १० टक्क्यांना. मागच्या वेळी खूप उलट्या झाल्या होत्या ही माहिती म्हणूनच भूलतज्ज्ञांना आधी सांगायला हवी.

पहिल्या दिवसाची सर्वांत मोठी चिंता असते ती आतल्या आत होणाऱ्या रक्तस्रावाची, आणि इथे एक गैरसमज दूर करणे मला फार गरजेचे वाटते. ‘बीपी नॉर्मल आहे’ एवढ्यावर निर्धास्त होता येत नाही. धडधाकट शरीर रक्त कमी झाल्यावर रक्तवाहिन्या आवळून आणि नाडीचा वेग वाढवून रक्तदाब टिकवून धरते. एकूण रक्ताच्या १५ ते ३० टक्के इतके रक्त गेले तरी आडवे पडलेल्या तरुण रुग्णाचा वरचा रक्तदाब जवळपास नेहमीसारखा दिसू शकतो. वाढत जाणारी नाडी, थंड आणि घामेजलेली त्वचा, अस्वस्थता आणि घटणारी लघवी ही लक्षणे रक्तदाब घसरण्याच्या आधी दिसतात. म्हणूनच परिचारिका लघवीच्या पिशवीतली पातळी तासातासाला टिपून ठेवतात. साधारणपणे प्रत्येक किलो वजनामागे ताशी अर्धा मिलिलिटर, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ताशी ३० मिलिलिटर, हे किमान प्रमाण मानले जाते. श्वासाचा वेगही असाच लवकर बोलणारा साक्षीदार आहे. प्रौढ माणूस शांतपणे मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो. तो आकडा २५ किंवा त्याहून वर गेला असेल तर कारण सापडेपर्यंत स्वस्थ बसू नये. यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही, घड्याळ पुरते.

वेदना सहन करणे ही बहादुरी का नाही

दुखणे सोसावे, औषधे जितकी कमी तितकी बरी, अशी समजूत अनेकांच्या मनात खोल रुतलेली असते. सोसण्याच्या त्या वृत्तीबद्दल आदर बाळगूनही असे म्हणावे लागते की पोटावर किंवा छातीवर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या बाबतीत तिचा थेट अपाय होतो. दुखते म्हणून रुग्ण उथळ श्वास घेतो आणि खोकला दाबून धरतो. भुलीच्या काळात बहुतेक रुग्णांच्या फुफ्फुसांचा खालचा काही भाग मिटलेला असतोच. खोल श्वास आणि खोकला नसेल तर तो उघडत नाही, तिथे कफ साचतो आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. दुखते म्हणून तो उठत नाही, आणि न उठल्याचे परिणाम पुढे सविस्तर येतीलच.

त्यामुळे ‘किती दुखते’ हे शून्य ते दहाच्या मापात विचारताना दुसरा प्रश्नही विचारायला हवा: खोकता येते का, कुशीवर वळता येते का? पडून असताना दोन गुणांचे दुखणे खोकताना आठ गुणांवर जात असेल, तर वेदना आटोक्यात आहे असे म्हणता येणार नाही. आजची पद्धत एकाच औषधाचा मोठा डोस देण्याची नसून वेगवेगळ्या मार्गांनी काम करणारी औषधे थोडी थोडी एकत्र वापरण्याची आहे. पॅरासिटामॉल, सूज कमी करणारी वेदनाशामके, जखमेच्या भागातल्या नसा बधिर करणारी इंजेक्शने आणि गरज पडली तरच मॉर्फिनसारखी अफूवर्गीय औषधे, असा हा मेळ असतो. अशा मेळामुळे मॉर्फिन कमी लागते आणि त्याबरोबर येणारी गुंगी, मळमळ आणि बद्धकोष्ठताही कमी होते.

अफूवर्गीय औषधे घेणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत गुंगी ही आधीची पायरी आणि मंदावलेला श्वास ही नंतरची, हे लक्षात ठेवावे. हाक मारल्यावर डोळे उघडून बोलता बोलता पुन्हा झोपेत जाणारा रुग्ण ‘छान झोपला आहे’ असे समजून सोडून देऊ नये. परिचारिकेला तेव्हाच बोलवावे. काही रुग्णांच्या हाती बटण दिलेले असते, जे दाबल्यावर पंपातून ठरावीक मात्रेत औषध जाते आणि ठरावीक मिनिटे उलटेपर्यंत पुन्हा दाबले तरी जात नाही. या व्यवस्थेची खरी सुरक्षितता अशी की गुंगीत गेलेला माणूस बटण दाबतच नाही. म्हणून ते बटण रुग्णानेच दाबायचे असते. मायेपोटी नातेवाइकाने ते दाबले की ती सुरक्षितता नाहीशी होते.

घरी गेल्यावर धोका वेगळा असतो. पॅरासिटामॉल हे सुरक्षित औषध आहे, पण सामान्य प्रौढाने दिवसभरात चार ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नये, आणि अशक्त, कमी वजनाच्या किंवा यकृताचा आजार असलेल्या माणसासाठी ही मर्यादा आणखी खाली येते. सर्दी-तापाच्या आणि अंगदुखीच्या अनेक गोळ्यांमध्ये ते आधीच मिसळलेले असते, त्यामुळे नकळत दुप्पट डोस जातो. दोन्ही गोळ्यांच्या पाकिटावरची नावे वाचणे एवढाच यावर उपाय आहे.

अंथरूण हा मित्रही आहे आणि शत्रूही

शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन आठवडे बिछान्यातून उठू न देणे ही एके काळी सर्वमान्य पद्धत होती. शिकागो येथील स्त्रीरोगतज्ज्ञ एमिल रीस यांनी १८९९ मध्येच पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना लवकर खायला द्यावे आणि लवकर उठवावे असे मांडले होते, पण त्यांचे म्हणणे पुढची चार दशके फारसे कोणी मनावर घेतले नाही. १९९० च्या दशकात डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी त्याला भक्कम पाया दिला. इजेला शरीर जो प्रतिसाद देते तोच सौम्य करायचा, त्यासाठी वेदना नीट आवरायची, नळ्या लवकर काढायच्या, लवकर खायला द्यायचे आणि लवकर चालवायचे, हे सगळे एकत्र केले तर आतड्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतरही रुग्ण पूर्वीपेक्षा कितीतरी आधी घरी जाऊ शकतो, असे त्यांनी दाखवले. १९९७ मधला त्यांचा लेख या विचाराचा आधार मानला जातो आणि आज जगभरातली अनेक रुग्णालये याच धर्तीवर काम करतात.

चालण्यामागची कारणे दोन आहेत. एक म्हणजे स्नायू. निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणावर ठेवून केलेल्या एका प्रयोगात त्यांच्या पायांतले सुमारे एक किलो स्नायू घटल्याचे दिसले, आणि ही माणसे आजारी नव्हती, त्यांच्यावर शस्त्रक्रियाही झालेली नव्हती. दुसरे कारण रक्ताची गुठळी. पोटरीचे स्नायू चालताना आकुंचन पावतात आणि शिरांमधले रक्त वर ढकलतात. ते थांबले की रक्त साचते, आणि शस्त्रक्रियेनंतर रक्त गोठण्याची प्रवृत्ती मुळातच वाढलेली असते. पायात तयार झालेली गुठळी सुटून फुफ्फुसात जाऊ शकते, हे रुडॉल्फ फिरखो यांनी १९ व्या शतकातच दाखवून दिले होते. एकाच पायाची पोटरी सुजणे, दुखणे, गरम लागणे ही पायातल्या गुठळीची खूण. अचानक धाप लागणे, श्वास घेताना छातीत कळ येणे, खोकल्यातून रक्त पडणे किंवा भोवळ येणे ही ती फुफ्फुसात पोहोचल्याची खूण. हा धोका घरी गेल्यावर संपत नाही, कित्येक आठवडे राहतो, आणि म्हणूनच खुब्याच्या सांध्याच्या किंवा पोटातल्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने किंवा गोळ्या साधारण महिनाभर चालू ठेवतात. बरे वाटते म्हणून त्या आपल्या मनाने बंद करणे धोक्याचे आहे.

उठण्याचीही पद्धत असते. उताण्या अवस्थेतून सरळ उठून बसले की पोटाच्या टाक्यांवर सगळा ताण येतो. आधी गुडघे दुमडावेत, खांदे आणि कंबर एकदम वळवून कुशीवर यावे, पाय पलंगाखाली सोडावेत आणि त्याच वेळी खालच्या हाताच्या कोपराने अंग वर ढकलावे. बसल्यावर दोन-तीन मिनिटे थांबावे, कारण पहिल्यांदा उठताना रक्तदाब घसरून चक्कर येणे अगदी नेहमीचे आहे. पहिल्या वेळी परिचारिका किंवा फिजिओथेरपिस्ट शेजारी असावेतच. खोकताना जखमेवर उशी किंवा घडी केलेला टॉवेल दोन्ही हातांनी दाबून धरला की दुखणे बरेच कमी होते. जागेपणी दर तासाला सात-आठ खोल श्वास, प्रत्येक श्वास दोन-तीन सेकंद धरून सोडायचा, हा व्यायाम क्षुल्लक वाटतो; मात्र मिटलेले फुफ्फुस उघडण्याचे काम तोच करतो. सांध्याची, मणक्याची किंवा हाडाची शस्त्रक्रिया असेल तर किती वजन पायावर टाकायचे आणि कोणती हालचाल टाळायची हे सर्जन ठरवून देतात, तिथे सरसकट सल्ला चालत नाही.

खाणे, पोट आणि लघवी

पोट हाताळले गेले की आतड्यांची हालचाल काही काळ थांबते. लहान आतडे काही तासांत, जठर एक-दोन दिवसांत आणि मोठे आतडे दोन-तीन दिवसांत कामाला लागते. पूर्वी ‘गॅस पास झाला का’ या प्रश्नाचे उत्तर येईपर्यंत तोंडाने काहीच देत नसत. आता बहुतेक शस्त्रक्रियांनंतर, सर्जनची संमती असेल तर, पहिल्याच दिवसापासून थोडे थोडे सुरू करतात. पोट फुगत जाणे, उलट्या होणे आणि गॅसही न सरणे हे एकत्र आले तर मात्र खाणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. आहारात सर्वांत जास्त लक्ष प्रथिनांवर हवे, कारण शरीर स्नायू मोडून तीच मिळवत असते. दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने हे लक्ष्य असते, मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून. मऊ, पचायला हलके पण प्रथिनांत तोकडे असे खाणे आठवडेच्या आठवडे देत राहणे ही प्रेमाने होणारी चूक आहे.

लघवीची नळी जितकी लवकर निघेल तितके चांगले, कारण ती आत राहिलेल्या प्रत्येक दिवसागणिक जंतुसंसर्गाची शक्यता वाढते. नळी काढल्यानंतर, विशेषतः पाठीत भूल दिलेल्या किंवा प्रोस्टेट वाढलेल्या रुग्णाला, लघवी तुंबू शकते. सहा-आठ तासांत लघवी झाली नाही किंवा ओटीपोट ताणून दुखू लागले तर वाट पाहू नये.

जखम आतून कशी भरते

टाके घातल्यावर पहिल्या काही मिनिटांतच रक्त गोठून फट बुजते. त्यानंतरचे तीन-चार दिवस पांढऱ्या पेशी मेलेला भाग आणि जंतू साफ करतात. या काळात कडा किंचित लाल, कोमट आणि सुजलेल्या दिसणे स्वाभाविक आहे. पुढचे साधारण तीन आठवडे नव्या रक्तवाहिन्या आणि कोलॅजन नावाचे धाग्यांसारखे प्रथिन तयार होत राहते, आणि मग वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ त्या धाग्यांची फेररचना चालते. वरची त्वचा एक-दोन दिवसांत जुळते, म्हणून ४८ तासांनंतर डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर अंगावर पाणी घेता येते. बुडून राहायचे नाही आणि जखम चोळायची नाही, अलगद टिपून कोरडी करायची.

ताकदीचा हिशेब मात्र याहून फार वेगळा आहे. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस जखमेत मूळ त्वचेच्या जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास ताकद असते, तीन आठवड्यांनी २० ते ३० टक्के आणि तीन महिन्यांनी सुमारे ८० टक्के. मूळची शंभर टक्के ताकद व्रणाला कधीच येत नाही. टाके निघतात तेव्हा, म्हणजे चेहऱ्यावर पाचेक दिवसांनी, पोटावर सात ते दहा आणि सांध्यांवर दहा ते चौदा दिवसांनी, बाहेरून बरी दिसणारी जखम आतून अजून कच्चीच असते. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवडे जड उचलू नये असे सांगतात त्याचे कारण इथे आहे. हे न पाळल्यास आतला स्तर विलग होऊन पुढे हर्निया होऊ शकतो. धूम्रपान हा जखमेचा आणखी एक वैरी आहे. निकोटिन लहान रक्तवाहिन्या आवळते आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा अडवतो, म्हणजे जखमेला ज्याची सर्वाधिक गरज असते तेच तिथे पोहोचत नाही.

ड्रेसिंगला हात लावण्याआधी साबणाने हात धुणे, आणि सांगितल्याखेरीज पावडर, तेल, मलम असे काहीही न लावणे, एवढे पाळले तरी पुष्कळ झाले. बिघाड ओळखायचा तो पुन्हा दिशेवरून. लाली रोज कमी होण्याऐवजी कडेपलीकडे पसरत असेल, आधी उतरलेले दुखणे परत चढत असेल, पू किंवा दुर्गंधी येत असेल, तर संसर्गाची शंका घ्यावी. पोटाच्या जखमेतून पाचव्या ते दहाव्या दिवसांच्या सुमारास अचानक भरपूर गुलाबीसर पाणी येऊ लागले तर ते आतले टाके सुटल्याचे चिन्ह असू शकते, आणि त्या वेळी जखमेवर स्वच्छ ओले कापड ठेवून, रुग्णाला आडवे ठेवून तातडीने रुग्णालय गाठावे लागते.

ताप आणि गोंधळलेले मन

पहिल्या ४८ तासांतला सौम्य ताप बहुतेक वेळा इजेला मिळालेल्या प्रतिसादाचा भाग असतो आणि त्यासाठी प्रतिजैविकांची गरज नसते. तिसऱ्या दिवसानंतर नव्याने चढलेला ताप वेगळा असतो. तेव्हा लघवी, फुफ्फुसे, सलाइनची जागा, जखम आणि पोटऱ्या हे सगळे तपासावे लागते. आतडे जोडलेल्या रुग्णाला पाचव्या ते आठव्या दिवसांच्या सुमारास ताप, वेगवान नाडी आणि वाढती पोटदुखी सुरू झाली तर जोड गळत असल्याची शक्यता गृहीत धरूनच डॉक्टर तपास करतात.

वृद्ध रुग्णांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते, जिची नातेवाइकांना कोणी पूर्वकल्पना देत नाही. एक-दोन दिवसांनी रुग्ण अचानक असंबद्ध बोलू लागतो, घरच्यांना ओळखत नाही, नळ्या ओढतो, आणि काही तासांनी पुन्हा बराचसा ठीक होतो. चढउतार होणाऱ्या या अवस्थेला वैद्यकात डिलिरियम म्हणतात. हे वेड लागणे नव्हे आणि हट्टही नव्हे; मेंदूवर आलेल्या ताणाचे ते लक्षण आहे, आणि मागे संसर्ग, पाण्याची कमतरता, तुंबलेली लघवी, न आवरलेली वेदना किंवा एखादे औषध असे कारण बहुधा सापडते. गडबड करणारा रुग्ण सगळ्यांच्या लक्षात येतो, पण गप्प, सुस्त, भिंतीकडे पाहत पडून राहणारा रुग्ण सुटून जातो आणि खरे तर त्याचीच अधिक काळजी करायला हवी. इथे कुटुंबाइतके मोलाचे कोणीही नाही. चष्मा आणि कानातले यंत्र परत लावणे, दिवसा उजेड आणि रात्री अंधार राखणे, झोप मोडू न देणे, ओळखीच्या आवाजात दिवस, वेळ आणि जागा शांतपणे सांगत राहणे, या गोष्टी औषधाइतक्याच उपयोगी पडतात. ‘हे त्यांचे नेहमीचे वागणे नाही’ हे वाक्यही नातेवाइकच बोलू शकतात, आणि ते त्यांनी ठामपणे बोलावे.

घरी परतल्यावर

संपूर्ण भूल घेतल्यानंतर किमान २४ तास वाहन चालवू नये, महत्त्वाच्या कागदांवर सही करू नये आणि एकटे राहू नये. डिस्चार्ज घेताना सूचना ऐकून मान डोलावण्यापेक्षा त्या आपल्या शब्दांत डॉक्टरांना किंवा परिचारिकेला परत सांगाव्यात. काय समजले नाही ते तिथेच उघड होते. कोणती जुनी औषधे पुन्हा कधी सुरू करायची, विशेषतः रक्त पातळ करणारी आणि मधुमेहाची, हा प्रश्न राहून जातो आणि नंतर त्यातून अनर्थ होतो, म्हणून तो लिहूनच न्यावा. फोन करण्याची वेळ आली तर ‘बरे वाटत नाही’ एवढ्यावर न थांबता शस्त्रक्रिया कोणती आणि ती होऊन किती दिवस झाले, ताप किती, नाडी आणि श्वास मिनिटाला किती, काल काय होते आणि आज काय बदलले, हे सांगितले तर पलीकडच्या माणसाला निर्णय घेणे सोपे जाते.

थकवा मात्र सर्वांच्या अपेक्षेपेक्षा जास्त टिकतो. जखम भरून आल्यानंतरही कित्येक आठवडे थोड्या कामाने दमायला होते, मन उदास राहते, कारण नसताना डोळ्यांत पाणी येते. रुग्णाला यात अपराधी वाटू देऊ नये. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच मन रमत नसेल, झोप आणि भूक गेली असेल, तर तेही फेरतपासणीत सांगण्याजोगे लक्षण आहे. काढलेला भाग तपासणीसाठी पाठवला असेल तर त्याचा अहवाल त्याच भेटीत मागून घ्यावा, कारण तो कधी कधी रुग्ण घरी गेल्यावर तयार होतो आणि फायलीतच राहून जातो. डिस्चार्ज कार्ड, बसवलेल्या सांध्याची किंवा जाळीची माहिती, कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी निघाली, श्वासनलिकेत नळी घालताना अडचण आली होती का, हे सगळे एकाच फायलीत ठेवावे. पुढे कधी पुन्हा भूल द्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञ पहिल्यांदा हीच फाईल मागतील.